शटर ओढण्याचा हक्क

व्यवसाय करणाऱ्या आईला सल्ला द्यायला हल्ली सगळेच पुढे असतात. पहाटे पाचला उठा, मुलं जागी व्हायच्या आत स्वतःसाठी तासभर काढा, रात्रीच दुसऱ्या दिवसाची यादी करून ठेवा, ‘नाही’ म्हणायला शिका. बचत गटाच्या प्रशिक्षणात, उद्योजिकांच्या मेळाव्यात, महिला दिनाच्या भाषणात हेच ऐकू येतं, आणि या सगळ्याला आता ‘सजग जगणं’ असं नावही मिळालं आहे. यातला एकेक सल्ला सुटा घेतला तर चुकीचा नाही. पण सगळ्यांच्या तळाशी एकच समज आहे: बाईचा दिवस तिच्या ताब्यात आहे, तिला तो फक्त नीट वापरता येत नाही. माझा विरोध या समजुतीला आहे.

मी मसाले आणि भाजण्या करून विकते. मुलं शाळेत जातात. पोळीभाजीचे डबे देणाऱ्या, ब्लाउज शिवणाऱ्या, केक करणाऱ्या, शिकवण्या घेणाऱ्या कितीतरी जणींशी माझं रोजचं बोलणं असतं. त्यांच्यातली एकही अव्यवस्थित नाही. कोणत्या डब्यात किती तीळ उरलेत आणि कोणत्या मुलाची वही संपत आली आहे, हे त्यांना एकाच वेळी ठाऊक असतं. त्यांचा दिवस त्यांच्या हातून सुटतो तो वेगळ्या कारणांनी. व्यवसाय ज्या पद्धतीने उभा राहिलेला असतो, घरातली कामं ज्या पद्धतीने वाटलेली असतात आणि बाळंतपण, बालसंगोपन या गोष्टी समाजाने ज्या पद्धतीने एकेकीवर सोडून दिलेल्या असतात, त्यात तिला ठरवायला जागाच फार थोडी उरते. ती जागा मोठी करणं म्हणजे विचारपूर्वक जगणं, असं मी मानते. ते एकटीने पहाटे उठून होत नाही.

‘घरबसल्या उद्योग’ या कल्पनेपासून सुरुवात करू, कारण आईसाठी सर्वांत सोयीचा म्हणून तोच पुढे केला जातो. मुलांकडे लक्ष राहतं, भाडं वाचतं, जाण्यायेण्याचा वेळ वाचतो. हे सगळं खरंच आहे आणि अनेकींना याच वाटेने पहिला स्वतःचा पैसा मिळाला आहे. पण बाजारातल्या दुकानाला शटर असतं आणि घराला नसतं. रात्री नऊला किराणा दुकानदार शटर ओढतो तेव्हा गिऱ्हाईक मुकाट्याने परत जातं. घरून विकणाऱ्या बाईला रात्री साडेदहाला फोन येतो, ‘ताई, उद्या सकाळी दोन किलो मिळेल का?’ आणि तो फोन करणाऱ्याला यात काही वावगं वाटत नाही. घर उघडंच असतं, बाई जागीच असते, असं धरून चाललेलं असतं. उलट बाजूनेही तेच. दुपारी तीनला ती भाजणी भाजत असते तेव्हा घरातल्या कोणालाही ती कामावर आहे असं वाटत नाही. शेजारीण किल्ली ठेवायला येते, कुरिअरवाला इतरांची पार्सलं देऊन जातो, सासरे चहा मागतात, मूल गृहपाठ घेऊन बसतं. घरातलं काम व्यवसायाला अडवतं आणि व्यवसाय घराला, आणि दोन्हीकडे अपुरं पडल्याची टोचणी तिला एकटीला लागते.

यात खाद्यपदार्थांच्या धंद्याची एक अडचण अशी आहे, जी बाहेरून दिसत नाही. त्याचा हंगाम आणि मुलांचा हंगाम एकच असतो. मसाल्याचे दिवस म्हणजे एप्रिल-मे. मिरची वाळवायला ऊन हवं, वर्षभराचा मसाला लोक याच दिवसांत करून घेतात, डंकावर रांगा लागतात. आणि नेमकी तेव्हाच शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते, मुलं दिवसभर घरात. पापड, कुरडया, सांडगी मिरची यांचंही तेच. दिवाळीच्या फराळाची गडबड सुरू होते तेव्हा मुलांची सहामाही परीक्षा असते आणि ती संपली की सुट्टी. परदेशातल्या नातेवाइकांना पाठवायच्या फराळाच्या ऑर्डरी तर त्याच्याही आधी येऊन पडतात, कारण पार्सल पोचायला दिवस लागतात. गणपतीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी येतात आणि घरात गणपती तर बसलेला असतोच. चकलीचा घाणा कढईत असताना मूल पडलं, रडलं, तरी तो मधेच सोडता येत नाही. मोहन जास्त पडलं तर चकली तेलात विरघळते आणि कमी पडलं तर कडक होते, त्यामुळे हे काम अर्ध्या लक्षाने करायचं नाही. आणि मुलाचं तापाचं अंगही अर्ध्या लक्षाने बघायचं नाही. वर्षातले हेच तीन-चार महिने कमाईचे, आणि हेच आईपणाचेही सर्वांत दाट. यादी केल्याने हे दोन हंगाम एकमेकांपासून दूर सरकत नाहीत.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर रोज सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं, असं त्यात दिसलं. २०२४ साली पुन्हा पाहणी झाली तेव्हा हे आकडे २८९ आणि ८८ होते. म्हणजे पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटं कमी झाली आणि पुरुषांची नऊ. मधल्या काळात कोविड येऊन गेला, घरून काम करणं लाखो पुरुषांनीही अनुभवलं, मिक्सर-वॉशिंग मशीन आणखी घरांत पोचली. तरी अंतर होतं तिथेच राहिलं, दोनशे मिनिटांच्या आसपास. ही फक्त घरकामाची मिनिटं आहेत. मुलांची आणि म्हाताऱ्या माणसांची देखभाल या पाहणीत वेगळी मोजली आहे आणि तिथेही बायकांचा वाटा मोठा आहे.

व्यवसायात झोकून देणाऱ्या पुरुषाचं कौतुक करताना ‘तो दिवसाचे चौदा तास काम करतो’ असं आपण म्हणतो. तो करतोही, आणि त्याच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण त्याचे चौदा तास दुसऱ्या कोणाच्या तरी २८९ मिनिटांवर उभे असतात. त्याचा डबा भरलेला असतो, मुलाची लस कोणीतरी लक्षात ठेवलेली असते. बाईने तेवढंच झोकून द्यायचं तर तिच्यामागे ही मिनिटं देणारं कोण आहे, हा प्रश्न विचारल्याशिवाय तिची त्याच्याशी तुलना करू नये. सहाव्या आर्थिक गणनेत देशातल्या एकूण आस्थापनांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रियांच्या मालकीच्या निघाल्या, आणि त्यांतल्या दर शंभरातल्या ८३ ठिकाणी पगारी माणूस एकही नव्हता. मालकीणही तीच, कामगारही तीच, हिशेबनीसही तीच. अशा व्यवसायात ती आठ दिवस आजारी पडली तर आठ दिवस व्यवसाय बंद. बाळंत झाली तर किती दिवस, ते तिचं तिने बघायचं.

महाराष्ट्रात या प्रश्नाची उत्तरं शोधण्याची परंपरा आहे, आणि ती सल्ल्यांपासून फार लांबची आहे. मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या आठवा. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार एकेका खोलीत पाळीपाळीने राहायचे आणि त्यांना जेवण घालणाऱ्या बायका आपलं घर, आपली मुलं सांभाळून त्यांच्या पाळ्यांप्रमाणे चूल पेटती ठेवायच्या. पहिल्या पाळीचा डबा उजाडायच्या आत, रात्रपाळीवाल्याचं ताट भलत्याच वेळी. जेवणाचे पैसे महिन्याच्या पगाराला मिळायचे आणि किराणा मात्र रोज लागायचा, त्यामुळे वाणी आणि सावकार यांच्या चढ्या व्याजात त्यांची कमाई जायची. त्यांच्याइतकं पहाटे उठणारं कोणी नसेल. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते या बायकांना आणखी कष्ट करायला सांगण्यासाठी नव्हतं. बायकांनी एकमेकींना जामीन राहायचं आणि बँकेतून रास्त व्याजाने कर्ज घ्यायचं, ही व्यवस्था त्यांनी उभी केली. दिवसातले तास तेवढेच राहिले, पण त्या तासांची कमाई बाईच्या हातात उरू लागली. १९८२च्या संपात गिरण्या थंडावल्या आणि घरातल्या पुरुषाची मजुरी थांबली तेव्हा गिरणगावातल्या कितीतरी घरांना बायकांच्याच कमाईने तोलून धरलं.

लिज्जतची गोष्ट आपण जिद्दीची कथा म्हणून सांगतो: १५ मार्च १९५९, गिरगावातल्या सात जणी, उसने घेतलेले ८० रुपये. मला तिच्यात जास्त मोलाची वाटते ती कामाची विभागणी. पीठ केंद्रावर मळलं जातं. बाई सकाळी लाट्यांचं पीठ घरी नेते, पापड लाटते, वाळवते, दुसऱ्या दिवशी केंद्रावर देते आणि मजुरी घेते. कच्चा माल आणणं, पीठ मळणं, विकणं, उधारी वसूल करणं, गिऱ्हाइकाची तक्रार ऐकणं, यातलं काहीही तिच्या घरात शिरत नाही. काम घरात आलं आणि बाजार दाराबाहेर राहिला. शिवाय ती तिथे मजूर म्हणून नाही, सभासद म्हणून आहे, नफ्यात तिचा वाटा आहे. एखादीला महिनाभर जमलं नाही तर पापड लाटणारे बाकीचे हात असतात, ब्रँड बंद पडत नाही. आज मोबाइलवर ऑर्डरी घेणारी एकटी उद्योजिका दिसायला लिज्जतच्या सभासद बहिणीपेक्षा जास्त स्वतंत्र आहे, पण तिला हे कवच नाही. मालाची खरेदी, तळण, पॅकिंग, फोटो काढणं, जाहिरात, हिशेब, उधारी, नाराज गिऱ्हाईक, सगळं एका ओट्यावर. लिज्जतनेही घरकाम कोणाकडे जाणार हा प्रश्न सोडवला नाही, तो जिथल्या तिथे राहिला, हेही सांगायला हवं. पण बाईचा दिवस आधी आणि धंद्याची रचना त्याला धरून, हा क्रम त्यांनी साठ-पासष्ट वर्षांपूर्वी लावून दाखवला.

तो क्रम एकटीनेही आपल्या व्यवसायात काही प्रमाणात लावता येतो, आणि तिथे वैयक्तिक निर्णयाला खरंच महत्त्व आहे. पहिली गोष्ट दराची. घरगुती माल विकणाऱ्या बहुतेक जणी डाळ, तेल, गॅस, पिशव्या धरून दर काढतात आणि स्वतःचे तास त्यात धरत नाहीत. ‘घरचंच तर आहे’ असं गिऱ्हाईक म्हणतं आणि तीही ते मान्य करते. मग तोट्याचं काम आहे हे कळतच नाही आणि पैसे पुरेनात म्हणून आणखी ऑर्डरी घेतल्या जातात. स्वतःच्या तासाला, निदान मदतनीस बाईला देतो तेवढी तरी मजुरी लावून दर काढला की काही गिऱ्हाइकं जातात. जाऊ द्यावीत. जी ऑर्डर मालकिणीला फुकट राबवल्याशिवाय परवडत नाही ती ऑर्डर नको, हे मी ठामपणे सांगते. दुसरी गोष्ट तारखेची. फराळाच्या ऑर्डरी अमुक तिथीनंतर बंद, रात्री आठनंतर फोन बंद, रविवारी माल मिळणार नाही, हे सणाच्या आधीच लिहून कळवायचं आणि जवळच्या माणसालाही त्यात सूट द्यायची नाही. सगळ्यांत जास्त सूट नातेवाईकच मागतात.

तिसरी गोष्ट व्यवसायाच्या आकाराची, आणि इथे माझं मत उद्योगाच्या मार्गदर्शकांपेक्षा वेगळं आहे. मूल लहान आहे तोवर काही वर्षं व्यवसाय जाणूनबुजून लहान ठेवणं हा शहाणपणाचा, प्रतिष्ठेचा निर्णय आहे. दरवर्षी उलाढाल वाढलीच पाहिजे असा काही निसर्गनियम नाही. चार पदार्थांचे दोन करावेत, बाहेरगावच्या ऑर्डरी थांबवाव्यात, आणि मूल शाळेत रुळलं की पुन्हा पसारा मांडावा. ज्या बाईला उलट हवं आहे, मूल तान्हं असतानाच धंदा वाढवायचा आहे, तिच्या निर्णयालाही तेवढाच मान मिळावा. आपल्याकडे मात्र पहिलीला ‘महत्त्वाकांक्षा नाही’ म्हणतात आणि दुसरीला ‘मुलाकडे लक्ष नाही’.

पण या निर्णयाची किंमत बाईला पुढे मोजावी लागते आणि ती मोजायला लावणारी व्यवस्था बदलता येण्यासारखी आहे. बँक कॅश क्रेडिटची, म्हणजे धंद्याच्या खेळत्या भांडवलासाठीच्या कर्जाची, मर्यादा ठरवते ती उलाढाल बघून. बाळंतपणाच्या आणि नंतरच्या वर्षात उलाढाल घसरली की कागदावर तो व्यवसाय कमकुवत दिसतो. त्या घसरणीमागे बाळ आहे, बुडीत धंदा नाही, हे नोंदवायला अर्जात जागाच नसते. ती जागा करायला फार मोठा खर्च येणार नाही. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी माणदेशी महिला बँक काढायचं ठरवलं तेव्हा प्रवर्तक बायका निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला होता. त्या बायका पुन्हा गेल्या, आम्हाला वाचता येत नसेल पण व्याजाचा हिशेब तोंडी येतो हे त्यांनी दाखवून दिलं, आणि १९९७ साली बँक उभी राहिली. रोजगार बुडवून बँकेत येणं बायकांना परवडत नाही हे कळल्यावर ती बँक त्यांच्या दारात जाऊ लागली. संस्थेने आपली वेळ बाईच्या वेळेला जुळवून घेतल्याचं हे उदाहरण दुष्काळी माण तालुक्यातलं आहे. पुण्या-मुंबईतल्या बँकांना ते अवघड वाटण्याचं कारण नाही.

घरातल्या वाटपाबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण त्यात समजून घेण्यासारखं काही उरलेलं नाही, करण्यासारखं आहे. ‘मी बायकोला मदत करतो’ असं म्हणणाऱ्या नवऱ्याने एखादं काम पूर्ण आपल्या अंगावर घ्यावं, त्याच्या विचारासकट. मुलांचे डबे हे काम घेतलं तर भाजी काय करायची हे ठरवण्यापासून रिकामा डबा घासण्यापर्यंत सगळं त्याचं. काय करू, कुठे आहे, किती घालू, असं विचारत केलेलं काम तिच्या डोक्यावरून उतरत नाही. मुलांनीही, मुलग्यांनी आणि मुलींनी सारखंच, आई कामावर असते ती वेळ ओळखायला शिकावं. ओट्यापाशी उभी असली तरी ती कामावर आहे हे सात-आठ वर्षांच्या मुलाला नीट समजतं. मोठ्यांना ते समजायला जास्त वेळ लागतो.

याच जागी मला मध्यमवर्गीय उद्योजिकांशी, म्हणजे माझ्यासारख्यांशी, एक गोष्ट बोलायची आहे. आपण स्वतःचा वेळ मोकळा करतो तेव्हा तो बहुतेकदा दुसऱ्या बाईकडून विकत घेतो. पोळ्यांना, भांड्यांना, बाळाला सांभाळायला येणारी मावशी स्वतःचं मूल चाळीत शेजारणीच्या भरवशावर किंवा थोरल्या मुलीकडे सोपवून आलेली असते. त्या थोरल्या मुलीची शाळा बुडते. आपलं विचारपूर्वक जगणं या मुलीच्या बुडालेल्या शाळेवर उभं असेल तर ते मला मान्य नाही. मावशीला आठवड्याची भरपगारी सुट्टी हवी, आजारपणाचे पैसे कापले जाऊ नयेत, तिच्या मुलाच्या परीक्षेच्या दिवसांत तिला उशिरा यायची मुभा हवी, आणि ती बाळंत झाली तर पगार चालू ठेवून जागा राखून ठेवायला हवी. आपण व्यवसाय चालवतो म्हणजे आपण मालक आहोत. सरकारकडे आणि बँकेकडे आपण जे मागणार ते आपल्या मदतनिसांना देण्यापासून सुरुवात झाली पाहिजे. ‘परवडत नाही’ हे उत्तर गिरणीमालकांनीही दिलं होतं.

ते उत्तर कुठे दिलं गेलं आणि त्याला काय प्रत्युत्तर मिळालं, हे आज आठवण्यासारखं आहे. मुंबई कायदे मंडळात १९२८ साली कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकावर चर्चा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या विधेयकाच्या बाजूने बोलले. प्रसूतीआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे आणि म्हणून या खर्चाचा मोठा भार खरं तर सरकारने उचलायला हवा, कारण लोकांचं कल्याण जपणं ही मुळात सरकारची जबाबदारी आहे, अशी त्यांची मांडणी होती. जो मालक त्या बाईच्या श्रमावर नफा कमावतो त्यालाही त्यातून पूर्ण सुटता येणार नाही, हेही त्यांनी बजावलं. १९२९ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९६१ साली देशाचा प्रसूती लाभ कायदा आला, २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठीची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक केलं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हीच चौकट पुढे नेली.

या चौकटीत मालक असलेली बाई बसत नाही. जिला नोकरी देणारं कोणी नाही तिला रजा देणारंही कोणी नाही. मातृवंदना योजनेत पात्र मातांना पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. गरीब घरात त्या पैशाचा उपयोग आहेच, पण सहा महिने बंद राहिलेल्या व्यवसायाची भरपाई त्यातून होत नाही आणि योजनेचा तो हेतूही नाही. बाबासाहेबांचा युक्तिवाद स्वयंरोजगार करणाऱ्या बाईला तर जास्तच लागू पडतो. मालकाचा वाटा उचलायला इथे कोणी नाहीच, मग सरकारचा वाटा तरी हवा. ब्रिटनमध्ये स्वयंरोजगार करणाऱ्या स्त्रीला अटी पूर्ण केल्या तर ३९ आठवड्यांपर्यंत प्रसूती भत्ता मिळतो. आपल्याकडे छोट्या उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी आहे, जीएसटी आहे, आधारला जोडलेली बँक खाती आहेत. व्यवसाय करणारी बाई कोण आणि तिची उलाढाल किती, हे सरकारला आता माहीत असतं. नोंदणीकृत उद्योजिकेने थोडी वर्गणी भरायची, सरकारने त्यात आपला वाटा घालायचा आणि प्रसूतीच्या वेळी निदान तीन महिने तिला ठरावीक रक्कम मिळायची, अशी योजना अशक्य नाही. ‘उद्योजक घडवा’ म्हणून कर्जमेळावे भरवणाऱ्या राज्याने हे केलं पाहिजे.

यावर एक आक्षेप हमखास येतो. व्यवसाय तिने आपल्या मर्जीने निवडला, मूलही आपल्या मर्जीने होऊ दिलं, मग इतरांनी त्याचा भार का उचलावा? पहिलं असं की, ही निवड वाटते तितकी मोकळी नसते. मूल झाल्यावर नोकरीच्या वेळा जमेनात, ने-आण करायला कोणी नाही, म्हणून नोकरी सोडून घरून काहीतरी सुरू केलेल्या जणी माझ्या ओळखीत थोड्याथोडक्या नाहीत. दुसरं, समाज व्यवसायांचा भार आजही उचलतोच. औद्योगिक वसाहतींसाठी जमिनी मिळवल्या जातात, रस्ते आणि वीज पोचवली जाते, कारखान्यांना सवलती दिल्या जातात, आणि त्याला आपण विकास म्हणतो. मोठ्या उद्योगाला रस्ता लागतो तसं छोट्या उद्योजिकेला पाळणाघर लागतं. तेही पायाभूत सुविधांतच धरलं पाहिजे.

आणि पाळणाघराच्या बाबतीत महाराष्ट्राकडे मोठा वारसा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड इथे काम करताना मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाच्या अंगणात नेली, आणि ‘अंगणवाडी’ ही कल्पना तिथून देशभर गेली. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि गावोगाव अंगणवाड्या झाल्या. पण अंगणवाडी दिवसातले काही तासच चालते आणि मुख्यतः तीन ते सहा वर्षांच्या मुलांना बसवून घेते. मंडईत भाजी विकणारी, दुपारी चारला खाणावळ सुरू करणारी, संध्याकाळी सातपर्यंत पार्लर चालवणारी बाई त्या वेळात बसत नाही. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद २०२२ पासून आहे. ती शहरांतल्या बाजारपेठांपर्यंत पोचायला हवी. महापालिका नवी मंडई बांधते, व्यापारी संकुल बांधते, त्यात वाहनतळ किती गाड्यांचा हवा हे नियमाने ठरलेलं असतं. त्याच नकाशात गाळेधारकांच्या मुलांसाठी एक खोली, एक न्हाणीघर आणि सावली असलेलं थोडं अंगण असलं पाहिजे, हे कोणत्याही नगरसेवकाला मांडता येईल.

पाळणाघर चालवणारी बाईसुद्धा उद्योजिकाच आहे, आणि बहुतेकदा तीही आई असते किंवा आजी. आज शहरांतली बरीच पाळणाघरं वाड्या-सोसायट्यांत एखाद्या काकूंच्या दोन खोल्यांत चालतात. तिथे माया असते, पण प्रशिक्षण नसतं, विमा नसतो, काकू आजारी पडल्या तर दुसरं कोणी नसतं. सरकारने अशा घरगुती पाळणाघरांची नोंदणी करावी, बालसंगोपनाचं आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण द्यावं, किती मुलांमागे किती माणसं हे ठरवावं. फी पालकांच्या उत्पन्नाप्रमाणे असावी आणि कमी पडणारी रक्कम महापालिकेने थेट चालिकेच्या खात्यावर भरावी. वेळ बाजाराच्या वेळेला जुळेल अशी, सकाळी आठ ते रात्री आठ, दोन पाळ्यांत. आणि दोन्ही पाळ्यांतल्या बायकांना ठरलेला पगार आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी.